धरली का?

देवीदासकाकांचा वीणेचा पहारा संपला. मरोद्यातल्या विठ्ठलाच्या देवळात सप्ताह चालू होता. काकांनी वीणा आपल्या गळ्यातून काढून सुमंतच्या गळ्यात घातली, पण हात सोडला नाही.

"धरली का रे?"

सुमंतचा एक हात खिशात होता, वाजणारा फोन दाबत.

"धरली न काका. सोडा."

"दोन हातानं धर. हा काई तुया माऊस नाही."

टाळकरी हसले. काकांनी त्याची बोटं स्वतः दांडीवर बसवली, तेव्हा कुठं सोडली. दोघं एकमेकांच्या पाया पडले. मग काकांनी आपले रिकामे तळवे एकदा उलटेसुलटे करून पाहिले आणि चहाला निघाले.

ते तळवे पाहून सुमंतला कंपनीतलं आपलं काम आठवलं.

त्याच्या प्रोग्रॅममध्येही असंच होतं. कॉम्प्युटरची मेमरी ज्याच्या हाती, काम झालं की मोकळी करायची त्यानंच. स्मार्ट पॉइंटर नावाचा कोडमधला राखणदार तेवढंच सांभाळतो. दुसऱ्याला दिली तरी जाता जाता त्याचा डिस्ट्रक्टर, म्हणजे शेवटची आवराआवर करणारा, एकदा आपली मूठ उघडून पाहतो, काही उरलं तर नाही? कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपाइलर बाकीचं फालतू काम कापून टाकतो, हे तपासणं कापत नाही. समोरच्यानं घेतलं की नाही, ते त्याला इथून दिसत नाही ना! सुमंतनं ते स्वतःच्या हातानं कापलं. मेमरीचा नुसता पत्ता पुढे दिला. काम पळायला लागलं, साहेबांनी पाठ थोपटली. आता मोकळं करायचं टीममधल्या नव्या मितालीच्या कोडवर आलं होतं. मितालीला त्यानं ते सांगितलंच नव्हतं.

आज कोणीच मोकळी न केलेली मेमरी भरून सर्व्हर बसला. मितालीची नोकरी अजून पक्की व्हायची होती. सकाळी तिचा फोन आला. "दादा, मेरे से कुछ छूटा क्या? पाहून पाहून थकली, सापडतच नाही. मीटिंगमधे मलेच धरतील."

"पाहतो," तो म्हणाला होता. आणि अंघोळ करून इथं आला होता, देवापुढं.

खिशात फोन पुन्हा थरथरला. सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही. दुसऱ्यानं घेतल्याशिवाय जागचं हलता येत नाही. समोर विठ्ठल कमरेवर हात ठेवून उभा. सुमंतला वर पाहवेना.

"काका!"

एवढ्या जोरात, की टाळ चुकले. काका अर्धी घातलेली चप्पल काढून परत आले.

"कावून बे? आत्ताच तं दिली."

"परत घ्या. माझं ओझं एकीच्या गळ्यात मारून आलो, तिले न सांगता."

काकांनी मान पुढं केली. या वेळी सुमंतच सोडेना.

"धरली काका?"

"धरली बाबा. जा."

देवळाच्या पायरीवर, अनवाणीच, त्यानं फोन कानाला लावला.

"दादा, मीटिंग चालू झाली. स्पीकरवर आहे, सगळे ऐकून राहिले..."

"ऐकू दे. मिताली, तुयाकडून काई सुटलं नाही. तू धरलंच नव्हतं."

त्यानं आपल्या तळव्याकडे पाहिलं.

"सोडलं होतं मी."