चष्मेवाला उंट

ती मातीचे गमतीदार प्राणी घडवून, भट्टीत भाजून विकायची. त्यात सगळ्यात जास्त खप उंटाचा. लोंबता ओठ, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि साऱ्या जगावर रुसलेला चेहरा. सासरे ऊठसूट चुका काढतात म्हणून एका दुपारी चिडून तिने तो घडवला होता. "अगदी बाबा!" म्हणत नवरा पोट धरधरून हसला होता.

विकलेले प्राणी कागदात गुंडाळून खोक्यात भरायचं काम सासऱ्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. आज एक उंट त्यांच्या हातातच राहिला.

"सूनबाई, हा मीच ना?"

तिने मान खाली घातली.

"चुकलं माझं, बाबा. पुन्हा नाही करणार."

"अगं, बंद नको करूस," ते घाईघाईने म्हणाले. उंटाच्या ओठावरून त्यांनी हलकेच बोट फिरवलं. "तुझी सासू गेल्यापासून माझ्याकडे इतकं निरखून कुणी बघितलंच नव्हतं. एक मला देशील?"

आणि नेमकं तेव्हाच तिला मान वर करून त्यांच्याकडे बघवेना.