यसूचा शेवट

एकेचाळीस वर्षं खपून वासुदेव घैसासांनी एकच कादंबरी लिहिली. त्यातली नऊ वर्षं शेवटच्या प्रकरणात गेली, जिथे यसू धरणाच्या काठावर एकटी मरते.

“यसू घरी परत येते तिथे मी खूप रडले,” त्यांची मुलगी शर्वरी म्हणाली.

“परत येते?”

“बाबा, हल्ली पुस्तक वाचणाऱ्याला ओळखून उघडतं. ज्याला जेवढं सोसेल तेवढंच दाखवतं. प्रकाशकांनी सांगितलं होतं तुम्हाला.”

“सोसू नये म्हणूनच लिहिलं होतं मी ते.”

संध्याकाळपर्यंत अकरा वाचकांचे फोन आले. एकाच्याही पुस्तकात यसू मेली नव्हती. आणि हाताने लिहिलेली पानं प्रकाशकाच्या यंत्रात उतरल्यावर घैसासांनी नेहमीच्या सवयीने अंघोळीच्या बंबात घातली होती.

“निदान माझ्या प्रतीत तरी असेल,” म्हणत त्यांनी शेवटचं पान उघडलं.

यसू उंबरठा ओलांडून घरात आली होती आणि चूल पेटवत होती. नऊ वर्षं तिला रोज मारताना त्यांच्या जिवाचं काय होत होतं, ते पुस्तकाने ओळखलं होतं.