जुन्या पद्धतीची फाइल

"ताई, तासाभरासाठी जुनी पद्धत चालू करा. लोकं फाटक मोडायलेत," दत्तराव म्हणाले.

पालम तालुक्यातल्या काही गावांना पाणी देणारं ते शुद्धीकरण केंद्र कालपासून बंद होतं. फाटकाबाहेर बाया रिकाम्या घागरी आपटत होत्या. सगळ्यांत पुढं सरजाबाई. तिचा आवाज थेट आतल्या खोलीत येत होता. "कालची पोरगी इंजिनेर होऊन आली अन् गावचं पाणीच तोडलं!"

पोरगी म्हणजे निकिता. पाण्यात क्लोरीन किती सोडायचं, हे ठरवणारं मशीन ती सांभाळायची. त्याच्या सेटिंगची फाइल मशीन बनवणाऱ्या कंपनीकडून यायची, सोबत डिजिटल प्रमाणपत्र असायचं. मशीन त्या प्रमाणपत्राचा एक छोटा ठसा काढून ताडून बघायचं आणि मगच फाइल घ्यायचं. पण ठसा काढायची जुनी हॅश पद्धत आता कमकुवत झाली होती. खोट्या प्रमाणपत्राचा ठसाही खऱ्यासारखा जमवता येत होता. म्हणून निकितानं गेल्या आठवड्यात ती पद्धतच बंद करून टाकली. काल आलेली फाइल नेमकी जुन्या पद्धतीची निघाली. मशीननं ती नाकारली आणि पंप थांबवले.

दत्तराव केंद्राचे प्रमुख, निकिताच्या वडिलांच्या वयाचे. बाहेरचा गलका वाढला तसा त्यांनी स्वतःच माउसला हात घातला. निकितानं त्यांचं मनगट धरलं.

"काका, कंपनीचा फोन येऊ द्या. मग तुमी म्हणाल ते करते."

फोन आला. पलीकडच्या माणसानं निकितानं तपासायला पाठवलेली फाइल उघडली आणि त्याचा आवाजच बदलला.

"मॅडम, ही आम्ही पाठवलेलीच नाही. क्लोरीन कितीतरी पट वाढवलंय हिच्यात. घेऊ नका!"

दत्तरावांनी माउस निकिताकडे सरकवला. मग ते फाटकावर गेले आणि सगळं सांगितलं. आपण केवढी घाई करत होतो, तेही सांगितलं. बायांनी घागरी खाली ठेवल्या.

सरजाबाई तरातरा आत आली. निकिता उठून उभी राहिली. खरी फाइल यायला, पाणी सुटायला दुपार होईल, असं ती चाचरत सांगू लागली.

"होऊ दे, माय." सरजाबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "वर्साची नात हाय माझ्या घरी. पाणी आलं असतं, तर पहिला पेला मी तिलाच पाजला असता."