उशाशी लाल दिवा

डॉक्टरांनी दोघांचंही गोड बंद केलं, तेव्हापासून आईने बाबांवर कडक पहारा बसवला होता. फ्रिज एका कंपनीचा आणि तिच्या उशाशी असलेला दिवा दुसऱ्याच कंपनीचा. त्या दोघांचं जुळवता जुळवता लेकाच्या नाकी नऊ आले, पण जमलं एकदाचं. फ्रिजचं दार उघडलं रे उघडलं, की दिवा लाल!

"आणि हो, तुमच्या दोघांच्याही फोनवरून लावता येतो तो," लेकाने जाता जाता सांगितलं.

दुपारी आईचा डोळा लागतोय न लागतोय तोच दिवा लाल झाला. ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. तिथे चिटपाखरू नव्हतं. फ्रिज बंद, आइस्क्रीम जसंच्या तसं. चरफडत तिने लेकाला फोन लावला.

"तुझ्या दिव्याला वेड लागलंय रे!"

"अगं, बाबांच्या फोनवरून लागलाय तो. मला दिसतंय ना इथे."

आई धावत खोलीत परतली. तिचं कपाट सताड उघडं होतं, स्वेटरांमागचा चॉकलेटचा डबा रिकामा होता आणि बाबांचे दोन्ही गाल टम्म फुगले होते.

"काय झालं गं आई?"



"काही नाही रे," आई गुमान म्हणाली. डबा तिचा होता.