मेल मिळाला का?

हजारो ग्राहकांना रोज सकाळी सात वाजता आपोआप मेल पाठवणारी स्क्रिप्ट त्याने लिहिली, तेव्हा चाचणीसाठी स्वतःच्या वडिलांचा पत्ता घातला होता. त्यांना जाणारा मजकूर एवढाच, 'मेल मिळाला का?' आणि खाली त्याचं नाव. पुढे स्क्रिप्टमधली ती चाचणीची ओळ काढून टाकायची राहूनच गेली.

"बाबांना आपणहून कधी माझी चौकशी करावीशी वाटत नाही," असं मात्र तो बायकोला उठता-बसता ऐकवायचा.

तीन वर्षांनी, उत्तरं ज्यात जाऊन पडत ती कुणीच न उघडलेली मेलपेटी तुडुंब भरली, म्हणून साहेबांनी त्याला ती साफ करायला बसवलं. त्यात हजारभर उत्तरं एकाच पत्त्यावरून आलेली होती. त्याने आज सकाळचं उघडलं.



"मिळाला रे. कामाच्या रगाड्यातही रोज न चुकता आठवण काढतोस. फोन नाही केलास तरी चालेल."