हिरव्या झेंड्याचे दिवस

मांजर देओलिंदाच्या बहिणीकडे गेलं, गालिचा उचकटून अंगणात टाकला गेला, तरी तिच्या आठ वर्षांच्या लेकीच्या, झेलियाच्या, छातीतली शिट्टी काही थांबली नाही.

"आता माझी पाळी," आर्मिंदो म्हणाला. तो नुकताच गोठ्यावरून आला होता आणि बायकोच्या हुकमाप्रमाणे मागच्या दाराबाहेर उभा राहून बूट, सदरा, विजार उतरवत होता. डिसेंबर महिना होता. "मलाही तुझ्या बहिणीकडे पाठव. मांजराशेजारी पडून राहीन."

"आधी केसांतलं गवत झटक."

"माझ्या बापाने चाळीस वर्षं गायी पाळल्या. असल्याच कपड्यांनी जेवायला बसायचा."

"त्यांच्या घरात कुणाला दमा नव्हता."

"होता की," सासूबाई आतून म्हणाल्या. "आम्ही त्याला आळस म्हणायचो."

सासूबाई, म्हणजे फिलोमेना, रुसल्या होत्या. घरात पूजेला ठेवलेल्या पवित्र आत्म्याच्या चांदीच्या मुकुटापुढची त्यांची मेणबत्ती सोमवारी देओलिंदाने विझवली होती. धूर नको म्हणून. "अझोरेसच्या बेटावरून समुद्र ओलांडून इतक्या लांब आणलं त्याला," त्या येता-जाता म्हणायच्या, "आणि सुनेने अंधारात बसवलं."

देओलिंदाला दुसरंच काही उलगडत नव्हतं.

हवा वाईट असती, तर तिला समजलं असतं. या खोऱ्यात हिवाळ्यात हवा बिघडते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून तर शाळेवर रोज सकाळी हवेचा झेंडा लावतात. हिरवा असला की सगळ्यांनी बाहेर खेळायचं. नारिंगी असला की नाजूक छातीच्या मुलांनी आत बसायचं. शाळा त्यांच्या घरासमोरच, रस्त्यापलीकडे होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचं छप्पर दिसायचं आणि छपराच्या वर काठीचं टोक.

गेल्या हिवाळ्यात निम्मे दिवस नारिंगीच होता. अशा दिवशी देओलिंदा फोनपासून हलत नसे. दहाला शाळेत फोन, बाराला पुन्हा फोन. मुलगी घरी आली की तिच्या पाठीला कान लावून ती बसायची, आणि नीट ऐकू यावं म्हणून स्वतःचा श्वास रोखून धरायची.

यंदा मात्र ऑक्टोबरपासून झेंडा हिरवाच होता. सकाळी तो वर चढलेला दिसला की देओलिंदा कॉफी ठेवायची, गोड पावाचे काप करायची, कधी गुणगुणायचीसुद्धा.

"यंदा हवा सुधारली म्हणायची," ती एकदा म्हणाली.

"कुठे सुधारली? मला गोठ्याचं फाटक दिसत नाही," आर्मिंदो म्हणाला.

"धुकं आहे ते."

"असेल बुवा. धुक्याला कधी असा वास येत नसे."

आणि तरीही या आठवड्यात दम्याचा पंप चार वेळा काढावा लागला होता. हवा सुधारली आणि पोरगी बिघडली, हे कसं? देओलिंदाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक दिवसाखाली झेंड्याचा रंग आणि पंपाच्या खुणा लिहिल्या होत्या. ते कॅलेंडर काढून तिने डॉक्टरांपुढे ठेवलं.

डॉक्टरांनी खुणांवरून बोट फिरवलं. "बाहेर हवा चांगली असूनही त्रास होतोय," ते म्हणाले. "मग कारण घरातच असणार. मांजर आहे?"

"होतं."

"गालिचा?"

"होता."

"काही दिवस घर बदलून बघता येईल?"

घरी आल्यावर तिने सांगून टाकलं. झेलियाला उन्हाळ्यापर्यंत समुद्रकाठी आत्याकडे ठेवायचं.

"सहा महिने?" आर्मिंदो म्हणाला.

"माझ्याच घरात गुदमरतेय रे ती. मी काय करू?"

"मी नाही जाणार," दारातून झेलिया म्हणाली. "मला शाळेत काम आहे."

"एवढ्याशा पोरीला कसलं गं काम?"

"ऑफिसात. मिसेस हॅन्सननी दिलंय. म्हणून तर मी लवकर जाते."

"घ्या," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्या घराण्यात एकच साहेब निघाली, आणि तिचीही बदली."

झेलिया हसली नाही. ती आईच्या तोंडाकडे बघत होती.

गुरुवारी सकाळी मुलगी निघून गेल्यावर देओलिंदा शाळा बदलण्याचे कागद आणायला मागोमाग गेली. धुकं दाट होतं. झेंडा अजून चढला नव्हता. मिसेस हॅन्सन ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसल्या होत्या. त्यांच्या पडद्यावर एक नारिंगी चौकोन होता.

"हे काय?" देओलिंदाने विचारलं.

"हवा. आजही नारिंगी. महिनाभर हेच चाललंय बघा. तीन मुलं आहेत आमच्याकडे दम्याची, बाकीच्यांना कुठे फरक पडतो? पण तुमची झेलिया गुणी हो. खेळायला मिळत नाही बिचारीला, म्हणून ऑक्टोबरात हे काम दिलं. मी रंग सांगते, ती मागे जाऊन लावून येते, मला उठावंही लागत नाही. एक दिवस चुकवला नाही."

देओलिंदा मागच्या दाराने बाहेर पडली.

झेलिया दोन्ही हातांनी दोरी ओढत होती. नारिंगी झेंडा घडी करून तिने काखेत धरला होता. वर हिरवा चढत होता.

"मिसेस हॅन्सननी कुठला सांगितला होता?"

झेलिया दचकली. "नारिंगी."

"आणि काल?"

"नारिंगी."

"मग हा का गं लावतेस?"

झेलियाने दोरी सोडली नाही. तिच्या छातीत बारीक शिट्टी वाजत होती.

"नारिंगी लावला की तू श्वासच घेत नाहीस, आई."