पाणी मारायचे दिवस

आक्का हातात पाइप धरून भावजयीला घर समजावून सांगत होती. खिडकीवरून आडवा जातो तो लिंटेल, वरच्या भिंतीचा भार तोच पेलतो. त्याच्या बाहेर काढलाय तो छज्जा. जमिनीपासून घर वर उचललंय ते जोतं. भावजय नाकाला रुमाल लावून हो-हो करत होती. धाकटा भाऊ मात्र खूश होता. आक्का तर इंजिनिअर झाली, असं तो म्हणाला आणि आक्काला एवढ्यानेच भरून आलं.

न होऊन सांगते कुणाला! अडीच महिने ती इथेच, सिमेंटच्या गोण्यांशेजारी पत्र्याच्या खोलीत राहत होती. नव्या बांधकामाला रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर पुढे तडे जातात. पगारी माणूस अंगचोरपणा करतो, घरचंच कुणी हवं, असं भाऊ म्हणाला होता. आता आपलं घर होतंय, तू येच, असंही म्हणाला होता. तेवढ्या शब्दावर आक्काने अठरा वर्षांची भाड्याची खोली सोडली, भांडीकुंडी वाटून टाकली. स्लॅबवर वाफे करून तिने एकवीस दिवस पाणी साठवलं, मग भिंती भिजवल्या. बोटांची सालं निघाली, पण घरचं काम म्हटल्यावर तिने कुरकुर केली नाही.

मागच्या बाजूला एक लहान खोली होती, पूर्वेला खिडकी असलेली. आक्काने ती मनात कधीच आपली करून टाकली होती. तिथे आल्यावर तिने पाइप खाली ठेवला आणि कॉट कुठे बसेल ते हाताने मापून दाखवलं.

"अगदी बरोबर," भाऊ म्हणाला. "पाहुण्यांसाठीच काढलीय ही. तू कधी दोन-चार दिवस आलीस की इथेच उतरत जा."

आक्काचा हात तसाच हवेत राहिला. भावजयीने घाईघाईने सांगितलं की प्लास्टर कालच उरकलंय, त्याला सातच दिवस पाणी लागतं म्हणे. तेवढं झालं की आक्कांनी घरी जाऊन मस्त आराम करावा, फार केलं त्यांनी. कुठल्या घरी, ते आक्काने विचारलं नाही. तिने खोली सोडल्याचं भावाला ठाऊक होतं. तो नकाशाची घडी घालत राहिला.

गाडी निघून गेली. मिस्तरी दाराशी थापी धूत बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. आक्काने पाइप उचलला, नळ सोडला आणि कोपऱ्यापासून भिंत भिजवायला घेतली. तिला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता.

"मिस्तरी," थोड्या वेळाने तिने विचारलं, "सात दिवसांच्या पुढेही पाणी मारत राहिलं, तर काही होतं का?"

मिस्तरीने मान वर केली नाही.

"भिंतीला काही होत नाही, आक्का."